'डाउनटाउन एअरपोर्ट'ला काय म्हणाल?

बोरूबहाद्दर: शिकागोच्या मेग्ज फील्डवर लेख लिहितोय (उच्चार 'मीग्ज' नाही). मिशिगन सरोवरात भराव घालून केलेल्या नॉर्दर्ली आयलंडवर १९४८ साली सुरू झालेला छोटा विमानतळ, कचेऱ्यांच्या इमारतींना अगदी खेटून. मी 'शहरांतर्गत विमानतळ' लिहिलं. बहीण म्हणाली, "म्हणजे या गल्लीतून त्या गल्लीत विमान जातं?" दुसरं काही सुचवा.

खडीसाखर: भर वस्तीतला.

बोरूबहाद्दर: तीन बाजूंना पाणी आहे हो!

आजोळ: आमची आजी 'गावात जाऊन येते' म्हणायची, म्हणजे मुख्य बाजारपेठेत. 'गावातला विमानतळ' म्हणा.

शुद्धमती: गाव म्हटलं की शेतं दिसतात. आणि तळ सैन्याचा असतो, छावणीचा. 'नगरमध्य विमानपत्तन' लिहा.

टपालहंशील: पत्तन म्हणजे बंदर, तसंच शहरही. 'पाटण' त्यातूनच आलं. म्हणजे तुमचं शहरातलं शहर झालं. वाहनतळ चालतो, मग विमानतळाने काय घोडं मारलंय?

आजोळ: तळ्याकाठचा तळ!

शुद्धमती: मिशिगन हे तळं नव्हे.

बोरूबहाद्दर: पुढची अडचण ऐका. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेलींनी बुलडोझर पाठवून धावपट्टी उखडली. १६ विमानं अडकली, ती नंतर टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत चालवत नेतात त्या रस्त्यावरून, उडाली. 'उपधावपट्टी' लिहू?

टपालहंशील: नको, दुसरी धावपट्टी होती असं वाटेल. होती एकच. टॅक्सीवेच ठेवा.

शुद्धमती: सरकपट्टी!

खडीसाखर: हे पडदे अडकवायचं सामान वाटतं.

शुद्धमती: हसा. 'महापौर' हा सावरकरांचा शब्द बिनतक्रार वापरता, त्यालाही लोक हसलेच असतील.

खडीसाखर: बरं, बुलडोझरनी धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खोदल्या होत्या. 'महापौरांनी विमानतळावर फुली मारली' असंच लिहा, अक्षरशः खरं आहे. आगाऊ सूचना न देता बंद केला म्हणून शहराला ३३,००० डॉलर दंडही झाला.

आजोळ: आमच्याकडे काट मारतात.

खडीसाखर: काट म्हणजे एकच आडवी रेघ, यादीतल्या नावावर मारतात तशी. फुलीला दोन लागतात, तिरक्या.

आजोळ: आमचे गणिताचे मास्तर दोन रेघा ओढायचे आणि 'काट मारली' म्हणायचे.

टपालहंशील: मग 'फुली-गोळा' का खेळतो आपण? 'काट-गोळा' ऐकलंय कुणी?

बोरूबहाद्दर: अहो, पण शीर्षकात काय लिहू?

आजोळ: आमच्या मावशीकडे त्याला 'शून्य-फुली' म्हणायचे.