मदत हवी आहे: मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीचे दावे तपासायचे आहेत

नमस्कार मंडळी. दहावीच्या मुलांसाठी डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटाच्या दुर्घटनेवर टिपण लिहितेय. २० एप्रिल २०१० चा स्फोट, ११ कामगारांचा मृत्यू, ८७ दिवस वाहत राहिलेली विहीर, इथपर्यंत ठीक. पण मुलांच्या मोबाईलवर 'तेलाचा पाऊस पडला' असल्या पोस्टी फिरतायत. कच्च्या तेलातले हलके घटक हवेत उडतात खरे, पण जड तेल ढगातून कोसळत नाही, हे मी ठामपणे लिहिलंय.

अडलंय एका व्हिडिओपाशी. त्यात रंगाचा पट्टा फ्लोरिडाला वळसा घालून अटलांटिकभर पसरतो. मुळात ते एनसीएआर या अमेरिकी वातावरण-संशोधन संस्थेचं संगणकी प्रारूप आहे आणि तो रंग म्हणजे तेल नव्हे. तेल उडतं, जिवाणू ते खातात. प्रारूपातला रंग नुसता प्रवाहाबरोबर वाहतो. हे मुलांना चटकन पटेल असं कसं मांडू? समुद्रशास्त्रातलं कोणी आहे का इथे?

शिवाय गळलेल्या तेलाचे आकडे. सरकारी अंदाज ४९ लाख बॅरल, न्यायालयाने २०१५ मध्ये धरले ३१.९ लाख; त्यात समुद्रात मिसळण्याआधीच गोळा केलेलं ८.१ लाख बॅरल तेल वगळलंय. दोन्ही द्यावेत का? फुगवलेले दावे खोडताना मेलेले डॉल्फिन, तेलाने माखलेले पेलिकन आणि बंद पडलेली मासेमारी कुणाला किरकोळ वाटू नये, याची मला फार काळजी वाटते.