‘डेसिमेट’ म्हणजे दहातला एक, की सर्वनाश?

शब्दयात्री: ‘डेसिमेट’ हे इंग्रजी क्रियापद हल्ली ‘नेस्तनाबूत करणे’ या अर्थाने सर्रास वापरले जाते आणि दर वेळी ते मला खटकते. लॅटिनमध्ये ‘डेसिमस’ म्हणजे दहावा. रोमन सैन्यातील एखाद्या तुकडीने बंड केले किंवा रणांगणातून पळ काढला, तर चिठ्ठ्या टाकून दर दहांमागे एक सैनिक निवडला जाई आणि त्याला त्याच्याच सोबत्यांकडून दांडक्यांनी ठार मारवले जाई. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांच्या बंडाच्या वेळी कच खाल्लेल्या सैनिकांना रोमन सेनापती क्रॅससने हीच शिक्षा दिली. नऊ जण मागे उरतात आणि आपल्या हातून काय घडले हे जन्मभर विसरू शकत नाहीत, हा या शब्दाचा गाभा आहे. ‘शहर पूर्णपणे डेसिमेट झाले’ असे लिहिले की तो गाभाच नाहीसा होतो.

वेलांटी: मला हे पटत नाही. ‘मोठा संहार करणे’ हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकापासून रुळलेला आहे, त्यामुळे त्याला हल्लीची चूक म्हणता येणार नाही. आपल्याच भाषेत पाहा. संस्कृतातील ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे आणि ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल किंवा प्रयत्न. तरीही ‘त्याची चेष्टा करू नका’ या वाक्याचा अर्थ लावताना मराठी माणूस क्षणभरही अडखळत नाही.

शब्दयात्री: त्या शब्दांचे मूळ आज कोणाला दिसत नाही. ‘डेसिमेट’मधला दहाचा आकडा मात्र ‘डेसिमल’ जाणणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. शिवाय विनाशासाठी ‘डिस्ट्रॉय’, ‘अ‍ॅनिहिलेट’ असे शब्द इंग्रजीत आहेतच.

वेलांटी: दहाचा आकडा ‘डिसेंबर’मध्येही दिसतो, तरी बाराव्या महिन्याला ते नाव देताना कोणी हरकत घेत नाही. आणि दहातला एक मारण्याबद्दल लिहिण्याची वेळ इतिहासकाराखेरीज कोणावर येते?

मात्रा: मूळ अर्थाचा आग्रह मीही धरणार नाही, परंतु ‘पूर्णपणे’वरील शब्दयात्रींचा आक्षेप मला रास्त वाटतो. संहार कितीही मोठा असला, तरी या क्रियापदात काहीतरी मागे उरणे गृहीत आहे. रोगाने पक्ष्यांचा थवा ‘डेसिमेट’ झाला हे मला चालेल. एकच इमारत ‘डेसिमेट’ झाली हे मुळीच चालणार नाही, कारण हे क्रियापद समूहाचे आहे.

शब्दयात्री: थव्याचे उदाहरण मी मान्य करतो. ‘पूर्णपणे’ला माझा विरोध कायम आहे.