प्वारोनं गोळी घातली ते बरोबर की चूक? ('कर्टन'चा शेवट फोडलाय, न वाचलेल्यांनी इथूनच परत फिरावं)

खामल्याचा वाचक:
रविवारी सकाळी नागपुरात अंबाझरीला आमचा आठ जणांचा वाचनकट्टा भरतो. मे महिन्यात कूलरसमोर बसून सगळ्यांनी अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराचं पहिलं पुस्तक वाचलं, स्टाइल्सच्या बंगल्यातलं, 1920चं. त्यावर लगेच शेवटचं, 'कर्टन', 1975चं. बंगला तोच, गोष्ट सांगणारा प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज तोच. फक्त बंगल्यात आता पैसे देऊन राहणारे पाहुणे आहेत आणि प्वारो चाकाच्या खुर्चीत आहे. पुस्तक संपलं आणि कट्ट्याची दोन शकलं झाली, बरोबर चार-चार. समोरचे तर्री-पोहे निवून गेले तरी कुणी हात लावेना.

वाचून विसरलेल्यांसाठी: नॉर्टन नावाचा मवाळ, दुर्बीण घेऊन पक्षी बघत हिंडणारा माणूस. स्वतः कुणाला बोटही लावत नाही. ज्याच्या मनात आधीच राग धुमसतोय त्याच्यापाशी असं काही बोलतो की तो माणूसच हत्यार उचलतो. कायद्याच्या हाती काही लागत नाही. मग प्वारो त्याला खोलीत बोलावून गुंगीचं चॉकलेट पाजतो, आपल्याच चाकाच्या खुर्चीतून त्याच्या खोलीत नेतो आणि बेशुद्ध माणसाच्या कपाळाच्या मधोमध गोळी घालतो. नंतर स्वतःचं हृदयविकाराचं औषध दूर सारून मरतो. हेस्टिंग्जला हे कळतं चार महिन्यांनी, पत्रातून.

माझं मत: ही वाचकाची फसवणूक आहे. 33 कादंबऱ्या ज्याला खून मान्य नाही म्हणून आपण त्याच्यामागे फिरलो, तोच शेवटी खुनी? रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकारानं 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यात गुप्तहेरानं स्वतः गुन्हा करायचा नाही हे स्पष्ट आहे. मला तर वाटतं बाई प्वारोला कंटाळल्या होत्या आणि म्हातारपणी एकदाचा निकाल लावून मोकळ्या झाल्या.

इतवारीवाला:
काय बोलून राहिला भाऊ! म्हातारपणी कुठून? ते पुस्तक दुसऱ्या महायुद्धात लिहिलं बाईनं, तेव्हा पन्नाशीत होती. लिहून कुलपात ठेवलं, तीसेक वर्षांनी बाहेर काढलं. म्हणजे मधली अर्धी पुस्तकं लिहिताना तिले पक्कं माहीत होतं की हा गडी शेवटी काय करणार आहे. कंटाळा असा नसते ना बाप्पा. आणि नॉक्सचे नियम कोण पाळते? ते पाळले असते तर आपण अजून बटलरलाच पकडत बसलो असतो.

खामल्याचा वाचक:
कंटाळ्याचं मागे घेतो. बाकीचं नाही.

धरमपेठची मास्तरीण:
मीही विरोधातच, पण कारण वेगळं. नॉर्टनसाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: काडी लावणारा. आपली मंथरा तीच. कैकेयीच्या मनात नव्हतं ते तिनं रुजवलं, अयोध्या उजाड झाली. पुढे शत्रुघ्न तिला फरफटत आणतो, तेव्हा भरत त्याला अडवतो. ज्याचं सगळं गेलं तो भरत अडवतो! प्वारोचं काय गेलं होतं? मित्राच्या हातून खून व्हायचा होता, तो यानं स्वतःच टाळलाही होता. मग गोळी कशाला?

इतवारीवाला:
ताई, तेच तर सांगून राहिलो. टाळला कसा ते बघा. हेस्टिंग्ज, म्हणजे आपला साधाभोळा, मुलीच्या काळजीनं एका माणसाच्या ग्लासात विष कालवायला निघते. प्वारो त्याले चॉकलेट पाजून झोपवते म्हणून वाचला. बंगला चालवणाऱ्या कर्नलच्या हातून बायकोवर गोळी सुटली, ती नशिबानं जगली. प्रत्येक वेळी कुठून आणायचं नशीब? आज हेस्टिंग्ज वाचला, उद्या दुसरा.

सदरचे वकील:
दोन गोष्टी. पहिली, नॉर्टनवर खटला उभा राहणारच नाही. गुन्ह्याला प्रवृत्त करण्याचं दंड संहितेतलं जुनं कलम 107, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 45. त्यात चिथावणी लागते, कट लागतो किंवा जाणूनबुजून केलेली मदत लागते. हा माणूस कधी 'मार' म्हणतच नाही, उलट 'तुम्ही तसं करणार नाही, मला खात्री आहे' अशा थाटाचं बोलतो. पहिल्याच तारखेला सुटेल. तेवढ्यापुरतं प्वारोचं निदान बरोबर.

दुसरी गोष्ट कुणीच बोलत नाहीये. फ्रँकलिनबाई, बंगल्यातलीच एक पाहुणी, नवऱ्यासाठी कॉफीत विष घालते. हेस्टिंग्ज शब्दकोड्यासाठी पुस्तक शोधताना फिरतं कपाट फिरवतो, कप बदलतात आणि बाईच मरते. चौकशीत प्वारो साक्ष देतो की बाईनं आत्महत्या केली. धडधडीत खोटी साक्ष! मी एकवेळ गोळी समजून घेईन, ही साक्ष नाही.

पाचपावली:
वकीलसाहेब, तुम्ही सदरचे, म्हणून विचारतो. 13 ऑगस्ट 2004, इथलं जिल्हा न्यायालय. कस्तुरबा नगरच्या बायकांनी भर कोर्टात अक्कू यादव या गुंडाला संपवलं. कायदा पोचत नव्हता म्हणूनच ना? 2014 मध्ये पुराव्याअभावी सगळे सुटले. तेव्हा या गावात किती जणांना वाईट वाटलं? मग प्वारोवर एवढी बोंब काऊन?

सदरचे वकील:
त्या बायकांनी वर्षानुवर्षं सोसलं होतं आणि तक्रारी करून थकल्या होत्या. त्यांचं केलेलं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या भरल्या घरात आरामखुर्चीवर बसून निकाल देत नव्हत्या. प्वारो एकटाच फिर्यादी, एकटाच न्यायाधीश, जल्लादही तोच. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका.

पाचपावली:
आणि ख्रिस्तीच्याच 'ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये बारा जणांनी मिळून एकाला मारलं, त्यांना प्वारोनंच सोडून दिलं. 1934 मध्ये. तेव्हा टाळ्या वाजवल्या ना सगळ्यांनी? बिया तिथंच पेरल्या होत्या.

मानेवाडा 27:
अहो!! शीर्षकात फक्त 'कर्टन' लिहिलं होतं. आगगाडीवालं माझं उशाशी पडलंय, अर्धं झालंय. धन्य आहे तुमची.

इतवारीवाला:
सोड ना बे. 1975 मध्ये पुस्तक सप्टेंबरात आलं, पण प्वारो मेल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं ऑगस्टच्या 6 तारखेलाच पहिल्या पानावर छापली होती. तेव्हाचे लोक काही मेले नाहीत.

धरमपेठची मास्तरीण:
पाचपावलींचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, मला उत्तर सुचत नाहीये. फक्त एक खटकतं. आगगाडीत प्वारो इतरांना सोडतो आणि पोलिसांपुढे एक खोटी हकिगत ठेवतो, तिथं त्याच्या हाताला रक्त नाही. इथं तो स्वतः चाप ओढतो. पण गंमत अशी की पत्रात तो स्वतःच लिहितो, मी केलं ते योग्य की अयोग्य मला ठाऊक नाही. निदान लेखिकेनं त्याला छाती फुगवू दिली नाही. औषध दूर सारणं हीच त्यानं स्वतःला दिलेली शिक्षा. वाचताना हा भाग माझ्या हातून घाईत गेला होता, काल रात्री परत काढून बघितला.

खामल्याचा वाचक:
मीही परत बघितलं. आणि रागाच्या भरात एक लिहायचं राहिलं: खुणा आधीपासून होत्या. मरण्याआधी तो हेस्टिंग्जसाठी शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' मागे ठेवून जातो. त्यातला काडी लावणारा इयागो इथं कोण ते समोर होतं, मला दिसलं नाही. म्हणजे फसवणूक हा शब्द चुकला माझा, लपवलं काहीच नव्हतं.

आणखी एक. नॉर्टनला संशय आला म्हणून दोघं कप बदलतात, तरी दोन्ही कपांत तेच औषध. प्वारोला त्या गोळ्यांची सवय, म्हणून तो जागा राहतो. इतकी थंड तयारी! मला आवडला नाही तो हाच प्वारो. रागानं मारला असता तर कदाचित मी विरोधातल्या चौघांतून सुटून तिकडच्यांत पाचवा झालो असतो.

इतवारीवाला:
रागानं मारला असता तर तो नॉर्टनचा शेवटचा शिकार झाला असता ना भाऊ! नॉर्टनले तेच तर पाहिजे, समोरच्यानं चिडून हत्यार उचलावं. प्वारो चिडला नाही, म्हणून नॉर्टन हरला.

खामल्याचा वाचक:
हे मला सुचलं नव्हतं. चार-चारचं आता साडेतीन-साडेचार समजा. पण बेशुद्ध माणसाला गोळी, ते मात्र नाहीच.