भाऊ बेळगावला ट्रेनिंगला चाललाय, कांजिण्यांची लस द्यावी का?

माझा धाकटा भाऊ अग्निवीर भरतीत सिलेक्ट झालाय, मराठा लाइट इन्फंट्री, दीड महिन्यानी बेळगावला जॉइन व्हायचंय. गावातला एक मुलगा मागच्या वर्षी दुसरीकडे ट्रेनिंगला होता, त्याच्या बॅरेकमधे एकाला कांजिण्या आल्या न मग ओळीने पोरं आडवी झाली. 1600 मीटर पळून, मेडिकल पास होऊन गेलेली पोरं, तरी कसं होतं असं? भावाला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या, आईला पक्कं आठवतंय.

माजी हवालदार: ताई, दम वेगळा न प्रतिकारशक्ती वेगळी. ज्या रोगाशी शरीराची गाठच पडली नाही त्याला छाती फुगवून काय होणार. खाटेला खाट, एकच मेस, एकच नळ. आमच्यात वाडीवस्तीवरची पोरंच जास्त पडायची, मुंबईची पोरं चाळीत लहानपणीच कांजिण्या काढून मोकळी झालेली. मला गालफुगी झाली तेव्हा मागच्या बॅचला टाकतील या भीतीने मी दोन दिवस ताप लपवला, शेजारच्या दोघांना माझ्यामुळे लागण झाली, एकाच्या अंडकोषाला सूज आली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. भावाला सांगा, अंग तापलं की लगेच उस्तादला (ट्रेनिंग देणाऱ्याला) सांगायचं.

गावाकडचा डॉक्टर: महाराष्ट्रात 2018 च्या नोव्हेंबरपासून शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ती त्याला मिळाली असेल. पण गालगुंड (म्हणजे गालफुगी) आणि कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, म्हणून या वयाची बरीच पोरं तिथे कोरी असतात. कांजिण्या पुरळ यायच्या 1-2 दिवस आधीपासूनच पसरतात, त्यामुळे पेशंट वेगळा ठेवेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि मोठ्या वयात न्यूमोनियाची भीती जास्त. 2 डोस लागतात, मधे निदान 4 आठवडे, म्हणजे या आठवड्यातच पहिला घ्या. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) त्याच दिवशी चालते.

इतिहासवेडा: अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) हेच झालं, शेतावरून आलेल्या रिक्रूटांना छावणीत गोवराने गाठलं. नंतर तिथे रिक्रूटांना ज्या विषाणूमुळे ताप यायचा त्या अ‍ॅडिनोव्हायरसची लस 1971 पासून देत होते, बनवणं थांबलं, 1999 ला साठा संपला आणि साथी परत सुरू, शेवटी 2011 ला लस परत आणावी लागली.

प्रश्नकर्ती: उद्याच नेते त्याला. दोन्ही एकदम घेतल्या तर ताप येतो का हो डॉक्टर? रोज पहाटे पळायला जातो तो.

गावाकडचा डॉक्टर: एमएमआरचा ताप आलाच तर 7 ते 12 दिवसांनी येतो. आला तर उतरेपर्यंत पळणं बंद.