नववीला अमेरिकी शासनव्यवस्था शिकवताना सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
मी न्यू जर्सीत सरकारी हायस्कूलमध्ये नववीला सोशल स्टडीज शिकवते. या धड्याला तीन आठवडे मिळतात. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन चौकटी काढल्या: काँग्रेस (म्हणजे तिथली दोन सभागृहांची संसद), राष्ट्राध्यक्ष, न्यायालय. मुलांनी निमूट उतरवून घेतल्या. चाचणीत ४३५ प्रतिनिधी, १०० सिनेटर, सगळं बरोबर. मग विचारलं, राष्ट्राध्यक्षांनी विधेयक नाकारलं तर पुढे काय? मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "संपलं. बॉस तेच ना!" कुणीच तिला खोडलं नाही. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की तेच विधेयक कायदा होतं, हे मीच शिकवलं होतं. फार लागलं मनाला. चार वर्षांत ही मुलं मतदान करतील. तुम्ही कसं सुरू करता?

उत्तर १:
१७८७ला फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना झालेल्या भांडणापासून करा. व्हर्जिनियाला लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या. तुमच्याच न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन प्रत्येक राज्याला सारखंच मत मागत होते. वर्गाचे दोन गट पाडा, भांडू द्या. प्रचंड लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला आणि अगदी कमी लोकसंख्येच्या वायोमिंगला आजही दोन-दोनच सिनेटर का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

उत्तर २:
मी आधी खटला घेते. १९८०, न्यू जर्सीतलंच पिस्काटवे हायस्कूल. बाथरूममध्ये सिगारेट ओढल्याचा संशय, म्हणून चौदा वर्षांच्या मुलीची पर्स शाळेने तपासली. तीही नववीतच होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८५ला निकाल लागला: चौथी घटनादुरुस्ती (सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी) शाळेतही लागू आहे, पण झडतीला वाजवी संशय पुरतो. फक्त निकाल शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत सांगू नका. तो आधी कळला की मुलं विचार करणं थांबवतात, हा माझा अनुभव.

प्रश्नकर्ती:
काल खटला घेतला. माझीच पर्स टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही उघडायचा हक्क कोणाला? किल्ल्या, औषधाची पट्टी, घडी घातलेली चिठ्ठी असं एकेक बाहेर काढत गेले. चिठ्ठीपाशी एक मुलगा उठलाच, "मिस, ती वाचायची नाही!" दुसरी म्हणाली, "पण हे ठरवणार कोण? प्रिन्सिपल?" घंटा झाली तरी कोणी दप्तर आवरेना. तिन्ही चौकटी आज काढल्या, न्यायालयापासून सुरुवात करून. सोमवारी फिलाडेल्फिया.