एएमटीला लाँच करताना ब्रेक-ॲक्सिलरेटर एकत्र? कोणी शिकवलं हे?

वर्धारोडकर
काल एकानं इथे नागपूरच्या धाग्यावर लाँचबद्दल, म्हणजे उभी गाडी पूर्ण ताकदीनं एकदम सोडण्याबद्दल, लिहिलं : "एएमटी असो की ऑटोमॅटिक, लाँच एकच. डाव्या पायानं ब्रेक दाब, उजव्यानं ॲक्सिलरेटर, आरपीएम चढले की ब्रेक सोड." खाली सगळे वाहवा करत सुटलेत. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ही पद्धत टॉर्क कन्व्हर्टरची आहे. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं, ते घुसळलं जातं आणि तापतं. एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल; तिच्यात मधे साधी क्लच प्लेट आहे, मॅन्युअलमध्ये असते तीच. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला हातापायाऐवजी ॲक्चुएटर बसवलेत, एवढाच फरक. ब्रेक दाबून गाडी उभी आहे म्हणजे क्लच उघडा आहे, इंजिन चाकांपासून सुटलेलं आहे. वरून ॲक्सिलरेटर दाबलात तर बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिनला चढूच देत नाही. चढू दिलं तर पुढचं सगळं घासणं प्लेटच्या माथी.

बीएमडब्ल्यूनं ई४६ पिढीच्या एम३ या स्पोर्ट्स कारच्या एसएमजीमध्ये, म्हणजे एकाच क्लचच्या ऑटोमेटेड गिअरबॉक्समध्ये, काय दिलं होतं ते बघा. डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद, शिफ्टचा प्रोग्राम सगळ्यात वरचा म्हणजे एस६, लीव्हर पुढे ढकलून धरायचा, ॲक्सिलरेटर तळाला. आरपीएम किती ते गाडी ठरवते. लीव्हर सोडला की क्लच बसतो. यात ब्रेक कुठे आला?

धरमपेठी_गिअर
एवढं लिहिलंस, पण मुळात सिंगल क्लचवाल्या गाडीला परफॉर्मन्स म्हणायचंच कशाला? प्रत्येक शिफ्टला मान पुढे. २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ ला डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, आला तिथेच हा विषय संपला. माझ्या मामाची एएमटी सेमिनरी हिल्सच्या चढावर मागे घसरते, तू लाँचच्या गोष्टी सांगतोस.

वर्धारोडकर
मामांची गाडी आणि एम३ एकाच तागडीत घालू नकोस. १९८९ मध्ये ब्राझीलच्या फॉर्म्युला वन शर्यतीत फेरारीचा मॅन्सेल जिंकला तो स्टिअरिंगमागच्या पॅडलवर गिअर टाकून. तेच तंत्र १९९७ मध्ये फेरारी एफ३५५ मधून रस्त्यावर आलं. लॅम्बोर्गिनीनं अॅव्हेंटाडोरला २०११ मध्ये सिंगल क्लचच दिला, कारण तो हलका आणि आटोपशीर. हे काय परफॉर्मन्स नाही?

क्लचप्लेट_बाबू
काऊन भांडून राहिले बे? माझ्या गॅरेजात एएमटी खोलली की जळकी प्लेट निघते, त्यातल्या एकाही मालकानं जन्मात लाँच केलेलं नसतं. बर्डीत व्हरायटी चौकात इंच-इंच सरकवतात, त्यानं जळते. नाहीतर चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. प्रेशर प्लेटवर निळे चट्टे पडलेले असतात, लायनिंग रिव्हेटपर्यंत गेलेलं, आणि तो वास दोन दिवस हाताचा जात नाही. मे महिन्यात ४५ अंशात तर विचारू नका. समोर जागा होऊ द्या, मग एकदम सोडा. हे शोरूमवाले गाडी देताना सांगत नाहीत, तिथे माझा राग आहे.

मनीषनगरची_मी
अगदी! माझी प्लेट गेली तेव्हा सर्व्हिस सेंटरवाला म्हणे, "मॅडम, तुमचं ड्रायव्हिंग." क्लच वॉरंटीत नाही म्हणून हात वर केले. तीन पेडलची गाडी चालवून आयुष्य गेलं माझं! दोन पेडलच्या गाडीत क्लच कसा वाचवायचा, हे गाडी विकताना बोलायला नको? ट्रॅफिकसाठी सोयीची म्हणूनच विकली ना मला?

धरमपेठी_गिअर
हेच तर मी म्हणतोय! तंत्रच अर्धवट आहे.

क्लचप्लेट_बाबू
अर्धवट नाही भाऊ, स्वस्त आहे. तेलात न बुडवलेला ड्राय ड्युअल क्लचही बर्डीत तापतोच. तो जळला की बिल बघून घाम फुटते. एएमटीची प्लेट मी दुपारपर्यंत बदलून देतो.

इतवारी_४४०
सगळे क्लचवर रडत आहेत. रात्री वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर ही पोरं लाँच मारतात त्याचं काय? माझे वडील स्कूटरवर होते, बाजूनं गाडी अशी उसळली की ते कठड्याला घासत गेले. अशा धाग्यांतूनच शिकतात ही पोरं. बंद करा हा विषय.

वर्धारोडकर
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण पुलावर लाँच मारा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. मी चुकीची पद्धत खोडतोय. ब्रेकवर ताणून धरलेली गाडी सोडली की कधी अडते, कधी झेपावते, आणि तसली गाडी पुलावर जास्त धोक्याची.

इतवारी_४४०
बरोबर पद्धतीनं मारली तरी पुलावर लोक असतातच. बंद ट्रॅकवर करा, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

वर्धारोडकर
मान्य. लाँच फक्त बंद ट्रॅकवर. समृद्धीवरही नाही, तिथे मर्यादा १२० ची आहे आणि थांबायलाच मनाई.

धरमपेठी_गिअर
ब्रेकचा मुद्दा तुझा बरोबर, तेवढा घे. पण तुझी एसएमजीसुद्धा लागोपाठ लाँच झेपवत नाही, हे लिही.

वर्धारोडकर
नाहीच झेपवत. एक लाँच झाली की क्लच पूर्ण बसलेला ठेवून वरच्या गिअरमध्ये आरामात फिरवायची, वारा लागू द्यायचा. लगेच दुसरी मारली तर तापलेली प्लेट घसरते. मॅन्युअलमध्ये तू काय वेगळं करतोस?

धरमपेठी_गिअर
मॅन्युअलमध्ये प्लेट घसरतेय हे मला पायाला कळतं. तुझ्या गाडीत वास आल्यावर कळतं.

क्लचप्लेट_बाबू
हे मात्र खरं आहे.