मदत हवी आहे: पायाचं ऑपरेशन झालेल्या चिंगीला घरात वासाचे कोणते खेळ द्यावेत?

आमची चिंगी म्हणजे नऊ वर्षांची देशी कुत्री, साधारण अठरा किलोची. मागच्या उजव्या पायाचं लिगामेंट तुटलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. टाके निघाले, जखम छान भरली. पण अजून पाच आठवडे उड्या, जिने, पळणं पूर्ण बंद. पट्टा लावून शी-शूपुरतं खाली न्यायचं, तेही पाच-सात मिनिटं. (लिफ्ट आहे म्हणून निभतंय.)

आजवर रोज सकाळी वेताळ टेकडीवर तासभर हुंगत फिरायची सवय. आता दिवसभर दाराशी पडून कण्हते. पायपुसणं कुरतडून झालं. मी बाहेरून आले की चपला दोन-दोन मिनिटं हुंगत बसते, सोडतच नाही. ते बघून वाटलं, हिला चालण्यापेक्षा वासांचीच भूक जास्त लागली असावी. म्हणून हा धागा.

काय काय करून पाहिलं ते सांगते. पंच्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे घालून गुंडाळी केली. पहिले दोन दिवस नाकानेच उलगडली. तिसऱ्या दिवशी तोंडात धरून जोरात झटके द्यायला लागली. पायाला हिसका बसेल म्हणून तो खेळ थांबवला. मग तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून एकीखाली पनीर ठेवलं. तिने पंजा मारला, वाटी फरशीवर खणखणत घसरली आणि ती घाबरून मागे सरकली. शेवटी हॉलमध्ये चार ठिकाणी पनीर लपवलं. एक सापडलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघत खाली बसली. हिरमुसली असं वाटलं, मला फार वाईट वाटलं.

पंजा न मारता, नुसत्या नाकाने खेळता येईल असं काय आहे? चार जागा एकदम म्हणजे फार अवघड झालं का? सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा घरी फक्त आई असते, वय ७४, तिला वाकता येत नाही. खुर्चीत बसून तिला काय खेळवता येईल? आणि खाऊऐवजी लवंगेसारखा एखादा वास शोधायला शिकवता येतो का?

प्रतिसाद १

ताई, चिंगी हिरमुसली असेल असं नाही, तिला खेळच कळला नसेल. टेकडीवर ती आपल्या मनाने हुंगते. घरात काहीतरी लपवलंय हे तिला आधी दाखवावं लागतं. आई पट्टा धरून बसू देत. चिंगीच्या डोळ्यांदेखत एकच तुकडा उघड्या खोक्यात ठेवा आणि "शोध" म्हणा. असं पाच-सहा वेळा. मग शेजारी एक रिकामं खोकं, मग दोन. बघितलेलं न आठवता नाक लावून शोधतेय असं दिसलं की मगच तिच्या नकळत लपवा. चार जागांपर्यंत यायला आठवडा लागला तरी चालेल.

छताचा पंखा चालू होता का? बहुतेकांचं इथेच चुकतं. फुल पंख्याखाली वास खोलीभर फिरतो आणि उगम सापडत नाही. पंखा बंद करा, तुकडा ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग सोडा. कुत्रं हुंगताना सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत-बाहेर करतं, आणि बाहेरचा श्वास नाकपुडीच्या कडेच्या फटीतून जातो, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही. ही मोठी मेहनत आहे. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, नंतर पाणी द्या. मग गाढ झोपेल बघा.

लपवताना तुकडा तिच्या नाकाच्या उंचीवर किंवा खाली ठेवा. वर ठेवलात तर मागच्या पायांवर उभी राहील. सोफ्याखालीही नको, खरवडताना पाय पिळवटतो. फरशीवर सतरंजी किंवा योगा मॅट अंथरा, घसरणं या पायाला सगळ्यात वाईट.

प्रतिसाद २

आजींसाठी मुठींचा खेळ. चिंगी सतरंजीवर बसलेली, आजी खुर्चीत. एका मुठीत तुकडा, दोन्ही मुठी गुडघ्यावर. पंजा मारला तर मुठी बंदच. नाक टेकवून थांबली की मूठ उघडायची. आमच्याकडे दोन दिवसांत पंजे थांबले.

दुसरं म्हणजे बाथरूमची भोकांची रबरी चटई घ्या आणि जुन्या टीशर्टच्या पट्ट्या भोकांतून ओवून गाठी मारा. हे काम आजी बसल्या बसल्या करतील. गवतासारखी दाट झाली की त्यात कोरड्या खाण्याचे दाणे पसरायचे. मान खाली, पाय स्थिर. फक्त पट्ट्या गिळत नाही ना, यावर लक्ष हवं. खेळ संपला की चटई उचलून ठेवा.

वाट्यांऐवजी इडलीपात्राचा एक साचा घेऊन त्यात खाऊ आणि वर टेनिसचे चेंडू ठेवून बघा. चेंडू नाकाने सहज ढकलला जातो, पंजा लागत नाही. साच्याखाली ओला नॅपकीन ठेवला की आवाजही होत नाही.

प्रतिसाद ३

लपवायचा खाऊ रोजच्या जेवणातूनच काढा. आत्ता वजन वाढलं तर सगळा भार त्या पायावर. उकडलेलं चिकन, पनीर, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चालेल. कांदा-लसूण लागलेलं काही नको. मनुका-बेदाणे अजिबात नको, थोड्यानेही किडनीला धोका होऊ शकतो. प्रसादाच्या वाटीतला एखादाही तिला मिळू देऊ नका.

लवंगेबद्दल: अमेरिकेतल्या वास शोधण्याच्या स्पर्धांमध्ये बर्च (एक झाड), अॅनिसीड (बडीशेपेसारखं बी) आणि लवंग हे वास वापरतात, तेव्हा निवड योग्य आहे. पण तेलाची बाटली वापरू नका आणि अख्खी लवंगही लपवू नका. झाकणाच्या बरणीत लवंगा आणि कापसाचे बोळे दोन दिवस ठेवा. मग एक बोळा भोकं पाडलेल्या घट्ट डबीत घालून डबी लपवा. सुरुवातीला डबीशेजारीच खाऊ ठेवायचा. कापूर आणि डांबरगोळ्या कुत्र्यांना विषारी, त्यांचा प्रयोग नको.

२०१९ मध्ये ड्युरांटन आणि होरोविट्झ या संशोधकांचा कुत्र्यांवरचा अभ्यास आला होता. दोन आठवडे वासाचे खेळ खेळलेली कुत्री, आत खाऊ आहे की नाही हे नक्की नसलेल्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर गेली, म्हणजे जास्त आशावादी झाली. मालकाशेजारी चालण्याचा सराव केलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. दाराशी कण्हणाऱ्या चिंगीला हेच हवंय.

धागाकर्ती, आठ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. पंखा चालूच होता! बंद करून पहिल्याच दिवशी तीनही खोकी बरोबर शोधली. आईने माझ्या जुन्या कुर्त्यांच्या पट्ट्या करून चटई विणली, दुपारी दोघी तिच्यावरच असतात. कण्हणं अजून आहे, पण खेळानंतरचे दोन तास शांत झोपते.

काल आईने आपला रुमाल पदराखाली लपवून "शोध" म्हटलं. आम्ही हे शिकवलं नव्हतं. चिंगी खुर्चीभोवती एक फेरी मारून आली आणि पदराला नाक लावून उभी राहिली. आता रुमालावरूनच पुढे शिकवावं का? आईला लवंगेपेक्षा ते जास्त आवडलंय.

प्रतिसाद १

जरूर. ओळखीच्या माणसाचा वास तिला आधीच पाठ आहे. फक्त रुमाल दर वेळी आईंनीच हाताळू दे. तुमचे हात लागले की ती दोघींना शोधायला लागेल.